फरगॉटन रेल्म्स: तुम्ही कुठल्या दारातून आत शिरलात?

करडी_पेटी
परवा लेक बाल्डर्स गेट ३ खेळत होता, फरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगातला व्हिडिओ गेम. पडद्यावर लांब दाढीवाला जादूगार एल्मिन्स्टर आला आणि मी मटार सोलता सोलता बोलून गेलो, "हा म्हातारा अजून आहे?" लेक बघतच राहिला.

मग माळ्यावरून पेटी काढली. १९८७ ची, करडी, त्याच जगाची. टोरांटोचा मामा १९८९ त सुट्टीवर आला तेव्हा घेऊन आला होता. आम्ही चॉकलेटांची वाट बघत होतो! आत दोन पुस्तकं, चार मोठे नकाशे आणि षटकोनांची जाळी छापलेली दोन पारदर्शक प्लॅस्टिकं, नकाशावर ठेवून अंतर मोजायला. ज्या खेळासाठी ही पेटी, त्या डंजन्स अँड ड्रॅगन्सचे (फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) नियम मात्र पेटीत नाहीतच, ते वेगळे विकत घ्यायचे. डोंबिवलीत कुठून आणणार? अख्खं जग हातात आणि खेळायला सापशिडीचा फासा. दोन वर्षं तसेच खेळलो.

हे जग एड ग्रीनवूडने लहानपणी स्वतःच्या गोष्टींसाठी रचलं, १९६७ च्या सुमारास. डंजन्स अँड ड्रॅगन्स आला १९७४ त. म्हणजे खेळाच्या आधी जग! पुढे १९७९ पासून तो त्या खेळाच्या ड्रॅगन मासिकात लिहायला लागला. ते वाचून खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीच्या जेफ ग्रबने फोन करून विचारलं, हे जग खरंच लिहून ठेवलंयस का? होतं की. खोकी भरून टिपणं गेली त्यांच्याकडे.

तुमचं सांगा.

भाजीवाली_परी
पहिली! कुकर लावलाय, येते.

फुटपाथवाचक
फ्लोरा फाउंटन, फुटपाथ, वीस रुपये, ड्रिझ्टची कादंबरी. बास. लेखक साल्वाटोरेचा नायक खरं तर वुल्फगार होता. संपादकबाईंनी फोनवर विचारलं, सोबतीला कोण? याने घाईत ठोकून दिलं, एक काळा एल्फ. तोच ड्रिझ्ट. १९८८ त पुस्तक आलं आणि बिचारा वुल्फगार मागेच पडला.

दीडशहाणा
ड्रिझ्ट की ड्रित्स्ट?

फुटपाथवाचक
आम्ही 'दृष्ट' म्हणायचो. लागते ती.

तेराशेबहात्तर
माझी जखम उघडलीत. या जगाचं २००१ चं जाडजूड पुस्तक घेऊन बंगळुरात पाच जणांचा खेळ चालवत होतो, दर शनिवारी. त्या पुस्तकात तिथलं साल १३७२. २००८ च्या आवृत्तीत कंपनीने जादूची देवी मिस्ट्रा मारली आणि साल केलं १४७९. एकशे सात वर्षं! माझा सराईवाला, त्याची लंगडी कुत्री, उधारीची वही, सगळं गेलं. आम्ही सोसायटीच्या मीटिंगसारखा ठराव केला: आमच्याकडे १३७२ च चालेल. अजून चालू आहे, आता व्हिडिओ कॉलवर.

दीडशहाणा
अहो ७२, पुढच्या आवृत्तीत मिस्ट्रा परत आली.

तेराशेबहात्तर
कुत्री नाही आली.

एडिसनकर
+१. पण हे काही नवीन नव्हतं हो. १९८९ त खेळाची दुसरी आवृत्ती आली, नियमांतून मारेकरी हा पात्रांचा वर्गच काढून टाकला. मग कथेत काय करायचं? देवांना पृथ्वीवर ढकललं, त्या धुमाळीत मारेकऱ्यांचा देव भाल मेला आणि त्याच्याबरोबर फेरून खंडातले झाडून सगळे मारेकरी! नियम बदलला की प्रलय. करडी_पेटी, तुमचा लेक खेळतोय ते त्याच मेलेल्या भालचं लफडं आहे, १९९८ च्या पहिल्या भागापासून.

१९९७ त टीएसआर कर्जात बुडाली तेव्हा मी न्यू जर्सीत नवा. मॅजिक या खेळाचे पत्ते छापणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली, दोन वर्षांनी त्यांनाच खेळणीवाल्या हॅस्ब्रोने घेतलं. आमचं क्लाएंटचं ऑफिसही त्याच वर्षी दोनदा विकलं गेलं. बॅज बदलून बदलून कंटाळलो. ते एक वेगळंच पुराण.

भाजीवाली_परी
आले. खेळातलं ओ की ठो कळलं नाही, पण माळा आवरला यासाठी टाळ्या. आमच्याकडे कधी आवरणार? (वाचतोयस ना रे?) आणि ते प्लॅस्टिक टिकलं कसं इतकी वर्षं?

करडी_पेटी
एकच टिकलं. दुसरं आईने पोळपाटाखाली घातलं होतं, सरकू नये म्हणून.

भाजीवाली_परी
ओला फडका घालायचा. प्लॅस्टिकने उलट जास्त सरकतं.

करडी_पेटी
म्हणूनच फेकलं असणार.