मैत्रीची तुलना करणारी प्रश्नावली: वेगवेगळ्या देशांसाठी प्रश्न कसे ठरवावेत?

काठावरचा
पदव्युत्तर प्रबंधासाठी तीन देशांतल्या विद्यार्थ्यांच्या मैत्रीची तुलना करायची आहे. मसुद्यात चार प्रश्न आहेत: जवळचे मित्र किती, त्यांना आठवड्याला किती तास देता, मनातलं किती सांगता आणि या मैत्रीबद्दल किती समाधानी आहात (१ ते ५). मार्गदर्शक म्हणतात की या उत्तरांची तुलना होऊच शकत नाही. का होणार नाही? आणि मग विचारायचं काय?

रानवाट
मार्गदर्शक बरोबर सांगताहेत. सगळ्यात जास्त फसवणारा प्रश्न तुमचा पहिलाच आहे.

ग्लेन ॲडम्स आणि व्हिक्टोरिया प्लॉट यांनी २००३ मधे घाना आणि अमेरिकेतल्या लोकांच्या मुलाखतींची तुलना प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्यांनी मित्र जास्त सांगितले, घानातल्यांनी कमी. त्यावरून घानातली माणसं एकाकी आहेत असं कुणी लिहिलं तर ते साफ चुकेल. तिथल्या उत्तरांमधे प्रत्यक्ष मदतीवर भर होता आणि मित्रांपासून सावध राहावं असंही लोक मोकळेपणाने सांगत होते. मित्र वाढला की आपल्यावर हक्क सांगणारा माणूस वाढतो, तेव्हा माणसं हात राखूनच मित्र जोडणार. अमेरिकेतल्या उत्तरांमधे सोबतीला महत्त्व होतं. सोबत दहाजणांना करता येते, उसने पैसे दहाजणांना देता येत नाहीत. दोन्हीकडचा आकडा एकाच तक्त्यात मांडला की तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात.

म्हणून आकडा विचारू नका, माणसं विचारा. 'मित्र' हा शब्दही टाळा. अमेरिकेतल्या जनरल सोशल सर्व्हे या देशव्यापी पाहणीमधे १९८५ साली विचारलेला प्रश्न उपयोगी पडेल: गेल्या सहा महिन्यांत महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही कुणाकुणाशी बोललात? पाचजणांपर्यंतच्या नावांची आद्याक्षरं लिहून घ्या. यात आई, भाऊ, नवरा सगळे येतील. ते गाळू नका, फक्त नातं नोंदवा. मग प्रत्येक माणसाबद्दल वागणुकीचं विचारा: न कळवता घरी जाऊ शकता का, महिन्याच्या भाड्याइतके पैसे मागाल का, त्याने तेवढे मागितले तर नाही म्हणता येईल का, भांडण झालं तर संबंध तोडणं शक्य आहे का. रक्कम चलनात लिहू नका. भाडं किंवा महिन्याचा खर्च हे माप सगळीकडे चालतं.

एक खबरदारी. आधी सगळी आद्याक्षरं घ्या, पुढचे प्रश्न नंतरच दाखवा. प्रत्येक नावामागे चार प्रश्न येताहेत हे कळलं की लोक दुसऱ्या-तिसऱ्या नावावरच थांबतात.

मोजपट्टी
तासांबद्दल थोडक्यात. जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासातले आकडे सगळीकडे फिरतात: साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला ९०, घट्ट मैत्रीला २०० च्या वर. अभ्यास चांगला आहे, पण माहिती फक्त अमेरिकेतली आहे. इतर देशांसाठी ते माप म्हणून वापरू नका.

समाधानाच्या प्रश्नात वेगळी अडचण आहे. चेन, ली आणि स्टीव्हन्सन यांनी १९९५ मधे दाखवलं की जपान आणि तैवानमधले विद्यार्थी मधला पर्याय जास्त निवडतात, अमेरिकेतले टोकाचा. म्हणजे ३ आणि ५ मधला फरक समाधानाचा आहे की उत्तर देण्याच्या सवयीचा, हे तुम्हाला सांगताच येणार नाही. शक्य तिथे 'किती'ऐवजी 'गेल्या महिन्यात झालं का, हो की नाही' असं विचारा.

काठावरचा
दोघांचे आभार. पण मनातलं सांगण्याचा प्रश्न तरी ठेवता येईल ना? मन मोकळं करणं ही जवळिकीची खूण सगळीकडे असेल असं वाटतं.

रानवाट
ठेवा, पण जवळिकीचं माप म्हणून नको. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९३६ मधेच जर्मनी आणि अमेरिकेबद्दल लिहिलं होतं की अमेरिकेत अनोळखी माणसालाही बरंच आतवर येऊ देतात, अगदी गाभ्यापाशी मात्र अडवतात. जर्मनीत अडवणूक खूप आधी सुरू होते. ते निरीक्षण होतं, मोजणी नव्हे, पण मुद्दा टिकून आहे: खूप सांगणारा माणूस खूप जवळ असतोच असं नाही.

कारण सापडलं ते पुढे. जोआना शुग, मासाकी युकी आणि विल्यम मॅडक्स यांनी २०१० मधे जपान आणि अमेरिकेची तुलना केली. जिथे नवे मित्र सहज मिळतात आणि जुने सहज सुटतात, तिथे माणूस मनातलं सांगून मैत्री बांधून ठेवतो. जिथे शाळा, नोकरी, वस्ती यांनीच माणसं ठरतात आणि तीच पुढे टिकतात, तिथे ही गरज कमी पडते. उलट तिथे आपली अडचण मित्रावर टाकणं संबंधाला ताण देणारं वाटू शकतं. हेजंग किम, डेव्हिड शर्मन आणि शेली टेलर यांच्या कामात हेच दिसतं: पूर्व आशियाई पार्श्वभूमीचे लोक उघड मदत कमी मागतात, पण त्रास बोलून न दाखवता नुसतं आपल्या माणसांत असण्याने त्यांना आधार मिळतो. 'गेल्या वेळी त्रासात असताना कुणासोबत वेळ घालवला?' हा प्रश्न जोडाच, नाहीतर ही सगळी मैत्री तुमच्या हातून निसटेल.

मोजपट्टी
याला जोडून: मैत्री बदलण्याची मोकळीक मोजणारी १२ विधानांची श्रेणी तयार आहे. रॉबर्ट थॉमसन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मधे ती ३९ ठिकाणी वापरली. तिची खुबी अशी की ती स्वतःबद्दल विचारत नाही, आसपासच्या लोकांना नवी माणसं भेटण्याची आणि नातं सोडण्याची किती संधी आहे हे विचारते. विधानं बदलू नका. भाषांतर एकाने करावं, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणावं, मग ते मूळ मजकुराशी ताडून पाहा.

आणि प्रत्येक देशातल्या पाच-सहाजणांना आधी प्रश्न मोठ्याने वाचायला लावून 'यातून तुम्हाला काय समजलं?' असं विचारा. दोन गटांना एकाच वाक्यातून वेगळं काही समजत असेल तर तो प्रश्न काढून टाका, कितीही आवडता असला तरी. ही पायरी वेळ नाही म्हणून गाळली जाते, आणि नंतर आलेल्या माहितीवर कुठलंही सांख्यिकी तंत्र लावून ती चूक निघत नाही.