मदत हवी आहे: फाटलेल्या टाळूचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात की वर्षानंतर? बाळाचा जबडाही लहान आहे

मिरजेची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. ओठ अगदी व्यवस्थित आहेत, पण तोंडात टाळूला मागच्या बाजूने रुंद फट आहे आणि खालचा जबडा लहान, मागे गेलेला आहे. डॉक्टर याला पिएर रॉबिन म्हणतात. ओठ नीट असल्यामुळे जन्मल्यावर कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाळंतपण जिथे झालं तिथे बॅटरी मारून तोंडात कुणी पाहिलं नाही. दूध नाकातून यायचं, पिताना दम लागायचा, आणि आम्हाला सांगितलं जायचं की तुमची पाजायची पद्धत चुकतेय. वजन वाढेना म्हणून दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बोट घालून टाळू चाचपली आणि लगेच सांगितलं. ज्यांच्या घरी नवीन बाळ आहे त्यांना कळकळीने सांगते, दूध वारंवार नाकातून येत असेल तर टाळू मागच्या टोकापर्यंत तपासून घ्या.

आता दूध दाबता येणाऱ्या बाटलीने चाललंय, मध्ये काही दिवस बोंडल्यानेही पाजलं. वजन हळूहळू चढतंय. उताणी झोपवली की घोरते, श्वास ओढून घेते. पालथी किंवा कुशीवर ठेवली की शांत झोपते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून रात्री पायाला ऑक्सिमीटर लावतो.

प्रश्न ऑपरेशन कधी करायचं याचा आहे. दोन सर्जनना दाखवलं, दोघेही अनुभवी आणि नीट समजावून सांगणारे. पहिले म्हणाले, सहा-सात महिन्यांची झाली की करून टाकू, बोलणं चांगलं येतं, आता त्याला अभ्यासाचा आधार आहे. दुसरे म्हणाले, घाई नको, आधी झोपेतली श्वासाची तपासणी करा, वर्ष उलटू दे, मग बघू.

पहिल्या सर्जननी सांगितलेला अभ्यास मी शोधून वाचला. २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलाय, नाव टॉप्स. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतली २३ केंद्रं, फक्त टाळू फाटलेली ५५८ बाळं. कुणाचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात आणि कुणाचं बाराव्या महिन्यात हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं आणि मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांचं बोलणं तपासलं. बोलताना टाळू नीट बंद न होण्याचा त्रास सहा महिन्यांच्या गटात २३५ पैकी २१ मुलांना, म्हणजे ८.९ टक्के. बारा महिन्यांच्या गटात २२६ पैकी ३४, म्हणजे १५ टक्के. गुंतागुंत दोन्ही गटांत कमीच.

हे वाचून मला वाटलं, झालं, सहावा महिना ठरला. पण त्यातली बाळं कोण होती ते पुन्हा वाचलं. दुसरा कुठलाही दोष किंवा सिंड्रोम नसलेली, तब्येतीने ठणठणीत. माझी लेक त्यांत बसते का? टाळू बंद केल्यावर श्वासाची जागा आणखी कमी झाली तर? आणि वाट पाहिली तर बोलण्याचं नुकसान होईल का? रात्री तिच्याकडे बघत हाच हिशेब मनात चालू असतो.

ज्यांच्या मुलांना लहान जबडा आणि फाटलेली टाळू दोन्ही होतं, त्यांनी कधी केलं? ऑपरेशननंतर श्वासाचं कसं झालं? दुसऱ्या सर्जननी जबडा लांबवण्याच्या ऑपरेशनचाही उल्लेख केला, तो कुणाला करावा लागला का? सासूबाईंना भुलीची फार भीती वाटते, त्याबद्दलही कुणी सांगू शकेल का?

---

आकडेमोड

ताई, तुम्ही अभ्यास बरोबर वाचलाय. दोन गोष्टींची भर घालतो. मी डॉक्टर नाही, आकडेवारीचं काम करतो.

पहिली, फरकाचा आकार. उशिरा केलेल्या १०० मुलांपैकी ८५ जणांना तो त्रास झालाच नाही. लवकर केलं तर ९१ जणांना झाला नाही. म्हणजे शंभरात सहा मुलांचा फरक. तो खरा आहे आणि मोलाचा आहे, पण बारा महिन्यांपर्यंत थांबलं म्हणजे बोलणं बिघडणारच, असं हा अभ्यास म्हणत नाही. शिवाय अनिश्चितता धरली तर धोक्याचं गुणोत्तर, म्हणजे लवकर केलेल्यांचा धोका भागिले उशिरा केलेल्यांचा धोका, ०.३६ पासून ०.९९ पर्यंत कुठेही असू शकतं. १ म्हणजे काहीच फरक नाही. वरचं टोक त्याला जवळजवळ चिकटलेलं आहे.

दुसरी गोष्ट निष्कर्षाच्या वाक्यात आहे. ठणठणीत बाळं आणि पुरेशी साधनं असलेली केंद्रं, अशा दोन्ही अटी त्यांनी स्वतःच घातल्यात. तुमच्या बाळाला त्यातली पहिलीच लागू होत नाही, म्हणून त्या सहा टक्क्यांसाठी तुम्ही जीव टांगणीला लावू नका असं मला मनापासून वाटतं. बाकी वरच्या जबड्याच्या वाढीचं काय होतं हा या क्षेत्रातला जुना वाद आहे आणि पाच वर्षांच्या मुलांवरून तो मिटणार नाही, चेहरा पुढे कितीतरी वर्षं वाढत राहतो.

---

ओवीचा_बाबा

आमची मुलगी याच त्रासाची, आता तिसरीत आहे. तुमचं पोस्ट वाचून ते दिवस डोळ्यांपुढे आले.

तिचा श्वास तुमच्या बाळापेक्षा जास्त अडायचा. जीभ मागे पडून घसा बंद व्हायचा, पालथं झोपवूनही ऑक्सिजन उतरायचा. त्यामुळे जबडा लांबवण्याचं ऑपरेशन अगदी तान्हेपणी झालं. दोन्ही बाजूंनी खालच्या जबड्याचं हाड कापतात, मध्ये यंत्र बसवतात आणि त्याचा स्क्रू रोज थोडा फिरवतात. साधारण रोज एक मिलिमीटर. फटीत नवीन हाड तयार होत जातं, जबडा पुढे येतो, त्याबरोबर जीभही पुढे येते. सर्जननी सांगितलं होतं की मूळ कल्पना रशियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्हची, पायाच्या हाडांसाठी, आणि माणसाच्या खालच्या जबड्यावर ती न्यूयॉर्कच्या मॅकार्थींनी १९९२ मध्ये छापून आणली. स्क्रू फिरवताना माझे हात थरथरायचे, पण श्वास सुधारला आणि नळीतून दूध द्यायचं थांबलं.

तुमचं बाळ कुशीवर शांत झोपतंय आणि वजन वाढतंय, म्हणजे बहुधा तिला याची गरज पडणार नाही. पण ते अंदाजाने ठरवू नका. झोपेची तपासणी कराच. आमच्या टाळूचं ऑपरेशन तपासणी चांगली आल्यावरच झालं, आणि तेव्हा ती वर्षाची होऊन गेली होती. बोलणं? दोन वर्षं स्पीच थेरपी केली. आज वर्गात कविता म्हणते आणि सगळ्यांना कळते.

आणखी एक. डोळे तपासलेत का? लहान जबडा आणि फाटलेली टाळू असलेल्या काही मुलांत स्टिकलर सिंड्रोम असतो. त्यात लहानपणीच मोठा चष्मा लागतो आणि डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका असतो. आम्हाला हे फार उशिरा कुणीतरी सांगितलं. सुदैवाने तिला नव्हता.

---

बोलतं_करणारी

मी स्पीच थेरपिस्ट आहे. ऑपरेशनची तारीख सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतील, मी बोलण्यापुरतं लिहिते.

प, ब, ट, ड, क, ग म्हणताना तोंडात हवा कोंडावी लागते. त्यासाठी टाळूचा मागचा मऊ भाग उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाची वाट बंद होते. ती बंद झाली नाही तर हवा नाकातून निसटते आणि 'बाबा' ऐकायला 'मामा'सारखं येतं. म आणि न मुळातच नाकातले, त्यांना काही होत नाही. घरचे म्हणतात, "किती छान आई, मामा, नाना म्हणते," आणि अडचण झाकली जाते. मुलगी बोलू लागली की आत्या, काका, पापड, टोपी असे शब्द ऐका.

फाटलेल्या टाळूत स्नायू आडवे जोडलेले नसतात, ते पुढे जाऊन कठीण टाळूच्या मागच्या कडेला चिकटलेले असतात. म्हणून नुसती फट शिवून भागत नाही, ते स्नायू सोडवून मागे घ्यावे लागतात आणि मध्ये एकमेकांना जोडावे लागतात. सर्जनना थेट विचारा: तुम्ही स्नायू कसे जोडता, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि तुमच्या किती मुलांना बोलण्यासाठी दुसरं ऑपरेशन लागलं. सहा की बारा महिने या प्रश्नापेक्षा मला हे प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात. चांगले सर्जन अशा प्रश्नांनी दुखावत नाहीत.

आणि कान! टाळूचेच स्नायू कानाची नळी उघडतात. त्यामुळे या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही, ताप येत नाही, फक्त कमी ऐकू येतं. जन्मल्यावरची कानाची तपासणी ठीक आली होती म्हणून निर्धास्त राहू नका, ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही ठरावीक काळाने तपासत राहा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत ऐकणं आणि बोलणं दोन्हीची सोय आहे. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही (डीईआयसी) विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेले ओठ आणि टाळू येतात, आणि स्माइल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत ऑपरेशन मोफत होतं. मोफत आहे म्हणून कमी दर्जाचं, असं समजू नका.

आतापासूनच बाळाशी भरपूर बोला. ती जे आवाज काढेल ते तिला परत करून दाखवा. थांबावं लागलं तरी हे काम थांबत नाही.

---

निवृत्त_भूलतज्ज्ञ

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांची भीती समजण्यासारखी आहे.

लहान मुलांच्या मेंदूवर भुलीचा परिणाम होतो का यावर बरंच काम झालंय. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलीबद्दल. त्यानंतर २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये गॅस नावाचा मोठा अभ्यास आला. तान्हेपणी हर्नियासाठी एकदाच, सरासरी तासाभराच्या आत भूल दिलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धी तपासली, तर पूर्ण भूल न देता फक्त पाठीत इंजेक्शन देऊन ऑपरेशन केलेल्या मुलांपेक्षा ती मागे नव्हती. टाळूच्या ऑपरेशनला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही, पण एका गरजेच्या ऑपरेशनसाठी आईवडिलांनी याची धास्ती घेऊ नये.

तुमच्या बाळाच्या बाबतीत माझं लक्ष दुसरीकडे जातं. लहान जबड्यात श्वासनळीत नळी घालणं अवघड असतं. ऑपरेशनभर तोंड उघडं ठेवणारं साधन जिभेवर दाबून बसतं, त्यामुळे नंतर जिभेला सूज येऊ शकते. त्यात टाळू नुकतीच बंद झालेली, म्हणजे नाकाकडची मोकळी वाटही अरुंद. कसोटी त्या पहिल्या रात्रीची असते. म्हणून जिथे अशा बाळांना भूल देण्याचा सराव असलेली व्यक्ती आहे आणि रात्री लहान मुलांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे, तिथेच करा. गावाजवळ सोय नसेल तर पुण्या-मुंबईला जा.

---

मिरजेची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. ओवीचे बाबा, डोळ्यांचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आजच वेळ घेतली. भूलतज्ज्ञ काका, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

एक विचारायचं राहिलं होतं. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या की मी ग्रहणात भाजी चिरली असणार, म्हणून असं झालं. मी हसून सोडून दिलं पण मनाला लागलं. कारण नक्की काय असतं?

---

बोलतं_करणारी

अहो, अजिबात मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया हेच ऐकून येतात. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे असतात. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या आसपास जीभ खाली सरकते, पडदे आडवे होतात आणि मध्ये जुळतात. रॉबिनमध्ये जबडा लहान राहिल्यामुळे जीभ वरच अडकते आणि पडद्यांना जुळायला जागाच मिळत नाही. अनेकांना गर्भवती असल्याचं जेमतेम कळलेलं असतं तेव्हा हे सगळं घडून गेलेलं असतं. विळी, सुरी, ग्रहण यांचा काडीचाही संबंध नाही. काही मुलांत गुणसूत्रांतला किंवा जनुकांतला बदल सापडतो, म्हणून जनुकतज्ज्ञांना एकदा दाखवा, पुढच्या बाळाच्या दृष्टीनेही उपयोग होईल. काकूंना सांगायची ताकद नसेल तर नवऱ्याला सांगायला लावा.

---

मिरजेची_आई

नवऱ्याने वाचलं आणि स्वतःच काकूंकडे जाऊन आला.

आमचं ठरलंय. आधी झोपेची तपासणी, डोळे आणि कान. ती चांगली आली आणि अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या ठिकाणी सर्जन तयार असतील तर आठव्या-नवव्या महिन्यात करू, नाहीतर वर्ष होऊ देऊ. दोन्ही सर्जनना हे फोनवर सांगितलं. दोघांनाही पटलं, पहिले तर म्हणाले की तपासणीचा अहवाल मलाही पाठवा.

आता अडलंय ते एवढंच: तान्ह्या बाळांची रात्रभराची झोपेची तपासणी पुण्यात किंवा कोल्हापूरला नियमित कुठे होते? मोठ्या माणसांची करणारे बरेच सापडतात, पण बाळाचा अहवाल वाचणारा लहान मुलांचा तज्ज्ञ हवा, असं दुसऱ्या सर्जननी बजावलंय. कुणी अलीकडे करून घेतली असेल तर कृपया इथे लिहा. आईला जवळ झोपू देतात का, आणि लेक पालथी झोपते तर तपासणी पालथी ठेवून करतात की उताणी, हेही सांगा.