'सॅलन'ने तो लेख पुसायला नको होता

शाईपेन:
'सॅलन' हे १९९५ साली डेव्हिड टॅलबॉट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेलं, फक्त इंटरनेटवर निघणारं पुरोगामी नियतकालिक. जून २००५ मध्ये त्यांनी आणि 'रोलिंग स्टोन' या छापील मासिकाने मिळून रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांचा 'डेडली इम्युनिटी' हा लेख प्रसिद्ध केला. लसींमधल्या थायमेरोसल या पारायुक्त घटकामुळे मुलांना ऑटिझम (स्वमग्नता) होतो आणि अमेरिकन सरकारने हे दडपलं, असा त्यातला आरोप. थोड्याच दिवसांत दुरुस्त्या जोडाव्या लागल्या. जानेवारी २०११ मध्ये 'सॅलन'ने अख्खा लेखच साइटवरून काढला.

लेख मागे घेणं योग्यच होतं, पुसणं चूक. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफिल्ड या डॉक्टरचा १९९८चा शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेतला, पण तो आजही वाचता येतो, वर लाल अक्षरांत 'रिट्रॅक्टेड' (मागे घेतलेला) असा शिक्का मारलेला. सत्तेला जाब विचारणाऱ्या नियतकालिकाने स्वतःची चूकही वाचकांसमोर उघडी ठेवायला हवी.

बालवैद्य:
साफ असहमत. शिक्का कोण वाचतो? ओपीडीत आईवडील मोबाइल पुढे करतात, तेव्हा त्यावर फक्त मथळा आणि केनेडी या मोठ्या राजकीय घराण्याचं नाव असतं. अमेरिकेत २००१ पर्यंत लहान मुलांच्या बहुतेक लसींतून थायमेरोसल काढलं गेलं होतं, तरी ऑटिझमची निदानं वाढतच राहिली. म्हणजे लेख आला तेव्हाच त्याचा पाया ढासळत होता. माझा राग लेख काढल्याबद्दल नाही, साडेपाच वर्षं ठेवल्याबद्दल आहे.

शाईपेन:
उशिराबद्दल एकमत. पण मोबाइलवर फिरणारं कात्रण मूळ पान पुसून थांबत नाही. उलट 'दबावाखाली काढला' असं म्हणायला केनेडींना आयतं निमित्त मिळालं. पान जागेवर असतं तर त्याखालच्या दुरुस्त्या तरी दाखवता आल्या असत्या.

तिसरा आवाज:
तुम्ही दोघंही मुळाला हात घालत नाही. लेख छापला गेला कारण त्यातले खलनायक सोयीचे होते: औषध कंपन्या आणि बुशचं सरकार. लेखाची तपासणी 'रोलिंग स्टोन'ने केली, आम्ही तो ऑनलाइन टाकला, असं 'सॅलन'नेच नंतर सांगितलं. हाच आरोप उजव्या बाजूच्या लेखकाने केला असता तर प्रत्येक आकडा तपासला गेला असता. विचारसरणी आधी ठरली की संपादकाची शंका झोपते.

गोदाकाठ:
मग तटस्थ म्हणवणाऱ्यांचं काय? १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावरील, विवाहबाह्य संबंधातून उद्भवलेल्या महाभियोगाची चौकशी हेन्री हाइड यांच्या समितीकडे होती. त्यांचं स्वतःचं जुनं विवाहबाह्य प्रकरण 'सॅलन'ने छापलं. इतरांनी ते हातात असूनही नाकारलं होतं. उघड भूमिका असलेलं नियतकालिक काय म्हणून लिहितंय हे वाचकाला ठाऊक असतं, तो त्याप्रमाणे वजाबाकी करून वाचतो. लपवलेल्या भूमिकेची वजाबाकी करता येत नाही.

तिसरा आवाज:
हाइड प्रकरण क्लिंटनच्याच सोयीचं होतं, त्यामुळे ते उदाहरण माझ्याच बाजूचं. आणि पाऱ्याच्या मात्रेबाबत वाचकाने कसली वजाबाकी करायची? तिथे त्याला आकडा बरोबर हवा, बस्स.

गोदाकाठ:
आकड्याचा मुद्दा मान्य. पण त्याचं उत्तर कडक तपासणी हे आहे, भूमिका सोडणं हे नव्हे. तपासणीला पैसा लागतो. 'सॅलन'ने २०१८ मध्ये जाहिराती अडवणाऱ्या वाचकांना पर्याय म्हणून त्यांच्याच संगणकावर क्रिप्टो मायनिंग (संगणकाची ताकद वापरून आभासी चलन कमावणं) करू देण्याची परवानगी मागितली होती. इतक्या तंगीत तपासनीस कुठून ठेवणार?

बालवैद्य:
माझ्यापुरता प्रश्न मुलांचा आहे. संशोधकांनी हा लेख संग्रहात जरूर वाचावा. 'सॅलन'च्या नावाखाली तो नको. लेखक आता कुठे आहे ते बघा: केनेडी फेब्रुवारी २०२५ पासून अमेरिकेचे आरोग्यमंत्री आहेत आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी फ्लूच्या लसींतून थायमेरोसल काढण्याच्या शिफारशीला मान्यता दिली.

शाईपेन:
म्हणूनच तर तो लेख हवा. मंत्री आज जे बोलतात त्यातलं किती २००५ मध्येच खोडलं गेलं होतं, हे दाखवायला पत्रकाराला मूळ मजकूर आणि त्याखालच्या दुरुस्त्या एकाच पानावर लागतात. ते पान 'सॅलन'कडे होतं.