घरच्या गॅरेजसाठी पोर्टेबल लिफ्ट: सुट्या फ्रेमची, सिझर, की दोन खांबांची?

रिंगपाना
ऑइल, ब्रेक, सस्पेन्शनची कामं घरी करणाऱ्याने लिफ्ट घ्यायचीच असेल तर गाडीच्या दोन बाजूंखाली ठेवायच्या दोन सुट्या फ्रेमवाली हायड्रॉलिक घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. क्विकजॅक हे त्यातलं सर्वांत माहितीचं नाव. मिटलेल्या फ्रेमची उंची ७५-८० मिमी असते, त्यामुळे १६३ मिमी क्लिअरन्सच्या स्विफ्टखालीही ती सहज सरकते. एका फ्रेमचं वजन ३५ ते ४५ किलो. काम झालं की भिंतीला उभी करून ठेवायची. फरशीला एकही भोक पाडावं लागत नाही आणि चारही चाकं एकदम मोकळी होतात.

टनांचा आकडा मात्र शेवटी बघा. घरच्या बहुतेक गाड्या दीड टनाच्या आत असतात, तिथे सव्वादोन टनी लिफ्ट पुरते. आधी टेप घेऊन गाडीच्या पुढच्या आणि मागच्या जॅक पॉइंटमधलं (जिथे जॅक लावून गाडी उचलायची त्या जागांमधलं) अंतर मोजा. फ्रेम आखूड पडली की रबरी ठोकळा पॉइंट सोडून आत फ्लोअरच्या पत्र्याखाली लावला जातो आणि पत्रा चेपतो. फ्रेम लांब असेल तर ती दोन टायरच्या मधे बसतच नाही. ठोकळा खाचेचाच घ्या. दाराखालची वेल्डिंगची कड खाचेत बसली पाहिजे. सपाट ठोकळ्यावर सगळं वजन त्या कडेवर येतं आणि ती मुडपते.

जुना_मिस्त्री
रिंगपाना, कॅटलॉगमधल्या उंचीवर बोला की! लिफ्ट ५३० मिमी जाते म्हणजे गाडी ५३० मिमी उचलली जात नाही. जॅक पॉइंट जमिनीपासून १९० वर असेल तर बॉडी उचलली जाते ३४०. त्यात सस्पेन्शन शंभरेक मिमी खाली लोंबतं. टायरखाली हवा उरते २४०. मोनोकॉक (वेगळी चॅसिस नसलेल्या, बॉडीच सांगाडा असलेल्या) गाडीला हे चालेल.

आता थार, बोलेरो, स्कॉर्पिओ घ्या. यांना बॉडीखाली शिडीसारखी लोखंडी लॅडर चॅसिस, उचलायचं चॅसिसच्या पट्टीवर. ती समजा ३३० वर आहे, तर बॉडी उचलली गेली २०० आणि चाकं लोंबली दीडशे. टायरखाली चार बोटंसुद्धा जागा नाही. अशा गाडीवाल्याने पैसे टाकण्याआधी हे गणित स्वतःच्या गाडीचे आकडे घालून करावं.

आणि क्लच प्लेट बदलायचं स्वप्न असेल तर विसरा. गिअरबॉक्स आणि त्याखालचा जॅक दोन्ही बाहेर ओढायला गाडीखाली जागाच राहत नाही.

नाशिक_वर्कशॉप
म्हणूनच सिझर लिफ्ट, कात्रीसारख्या पायांवर प्लॅटफॉर्म वर नेणारी. मिड-राइज मॉडेल मीटरभर ते सव्वा मीटर जातं. ब्रेक कॅलिपर छातीसमोर येतो, खाली लोळावं लागत नाही. तीन-चारशे किलोचा एकच तुकडा असतो, पण ट्रॉलीवर घेऊन दोन माणसं हलवतात. पन्नाशीनंतर पाठीचा विचार करणाऱ्याला दुसरा पर्याय नाही.

रिंगपाना
छत कुठून आणायचं? सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये बीमखाली २.४ मीटर मिळाले तरी पुष्कळ. क्रेटाची उंची १६३५ मिमी. मीटरभर उचलली की २६३५. बंगल्यात स्लॅब तीन मीटरवर असेल तर जमेल, पण बॉनेट उघडून बघा.

सिझरचं प्लॅटफॉर्म गाडीच्या बरोबर मधे येतं, ही दुसरी अडचण. सायलेन्सरचा मधला भाग, फ्यूल लाइन, हँडब्रेकची केबल, सगळं झाकलं जातं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर मधे बॅटरीचा पॅक असतो आणि प्लॅटफॉर्म तिथे टेकू देणं अजिबात परवडणारं नाही. तिथे चार जॅक पॉइंटवरच उचला.

ऑस्टिनकर
गाडीचं पोट पूर्ण मोकळं हवं असेल तर पोर्टेबल टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांची लिफ्ट. इथे अमेरिकेत मॅक्सजॅक्स चालतं. खांब चाकांवर ढकलत आणायचे, जमिनीत कायम बसवलेल्या स्लीव्हमध्ये बोल्ट आवळायचे, काम झालं की खांब कोपऱ्यात. मधे काहीच नाही, त्यामुळे एक्झॉस्ट, गिअरबॉक्स, सबफ्रेम सगळं हाताखाली. भारतातल्या बंगल्यांना जागाही असते. का नको?

स्थापत्य_पुणे
फरशीमुळे नको. गाडी वर असताना खांब आत झुकू पाहतो आणि ती सगळी ओढ अँकरवर येते. अशा लिफ्टला किमान सव्वाचार इंची आणि ३००० पीएसआय (दाब सोसायच्या ताकदीचं माप) ताकदीचं काँक्रीट मागतात. तिकडे ही ताकद काँक्रीटच्या सिलिंडरच्या आकाराच्या नमुन्यावर मोजतात, आपल्याकडे क्यूबवर. म्हणजे आपल्या हिशेबाने ते एम २५ या प्रतीच्या आसपास जातं (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत). आपल्या पार्किंगमध्ये काय असतं? मुरूम, त्यावर तीन-चार इंच पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), तेही एम १० नाहीतर एम १५, आणि वर शहाबादी, चेकर्ड टाइल किंवा वाळूवर मांडलेले पेव्हर ब्लॉक. यात अँकर बसवला तर तो आवळतानाच फिरेल. आवळला गेला तर आणखी वाईट, कारण तो गाडी वर असताना सुटेल.

करायचंच असेल तर तेवढी फरशी उखडा, १५० मिमी जाडीचा सळईसह एम २५ चा स्लॅब घाला, २८ दिवस पाणी आणि मुदत द्या, मगच ड्रिल. भोकातली धूळ हवेने फुंकून काढा. धूळ राहिली की अँकर पूर्ण पकडत नाही.

आणि ऑस्टिनकर, ज्यांची पार्किंग पोडियमवर (खालच्या मजल्याच्या स्लॅबवर) आहे त्यांनी ड्रिल हातातही घेऊ नये. पोस्ट-टेन्शन स्लॅबमधली (आत पोलादी केबल ताणून मजबूत केलेल्या स्लॅबमधली) केबल तुटली तर माणूसही जातो आणि स्लॅबही. टेक्सासमध्ये असे स्लॅब भरपूर आहेत, तुमचाही तपासा.

शेवटचं, उतार. पोर्च धुतल्यावर पाणी निघून जावं म्हणून साठास एक उतार दिलेला असतो. दोन मीटरच्या पट्टीवर हा फरक ३३ मिमी होतो. लिफ्ट कुठलीही असो, आधी लेव्हल लावा. आडवा उतार लांबीच्या उतारापेक्षा जास्त घातक.

ऑस्टिनकर
पोस्ट-टेन्शनचा मुद्दा मान्य, तपासतो. पण चांगला स्लॅब असलेल्याला टू-पोस्टच, हे मत कायम.

चार_घोड्या
एवढं सगळं कशाला? तीन टनी ट्रॉली जॅक, उचललेल्या गाडीखाली लावायचे चार पिनवाले जॅक स्टँड, चाकं अडवायला दोन लाकडी ठोकळे. वर्षातून दोनदा ऑइल आणि एकदा ब्रेक पॅडसाठी लिफ्ट घेणं म्हणजे पैसे अडकवणं.

रिंगपाना
स्टँडही डोळे झाकून घेऊ नका. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेटने आपले रॅचेटवाले जॅक स्टँड परत मागवले, कारण आतला खटका दातात पूर्ण बसत नव्हता आणि स्टँड अचानक खाली येऊ शकत होता. पिनवाले सुरक्षित, हे बरोबर. पण त्यांचे पाय बारीक धारेचे. एका स्टँडवर साडेतीनशे किलो येतात, पेव्हरमध्ये रुततात. खाली ३०० बाय ३०० ची ८ मिमी लोखंडी प्लेट टाका. शिवाय एक कोपरा उचलला की बाकीचे तीन तिरके होतात. गाड्या स्टँडवरून पडतात त्या याच वेळी.

अण्णा_गॅरेज
गाडीखाली उभं राहून काम करायच्या खड्ड्याचं कोणी नाव घेत नाही म्हणून सांगतो. खड्डा सर्वांत स्वस्त, पण पेट्रोलची आणि एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साठते. सीएनजी वर जातो, तरी ठिणगीची काळजी दोन्हीकडे. कोकणात तर जूनपासून त्याची विहीरच होते.

नाशिक_वर्कशॉप
फ्रेमवाल्यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. मेकॅनिकल लॉकवर बसलेली गाडी उतरवायची तर आधी थोडी वर उचलून लॉक सोडवावा लागतो. मधेच लाइट गेले तर?

रिंगपाना
तर गाडी लाइट येईपर्यंत वरच. म्हणून १२ व्होल्ट डीसी पंपाचं मॉडेल घ्या, बॅटरीवर चालतं. किंवा २३० व्होल्टचं घेताना हातपंप जोडता येतो का ते आधी विचारा. परदेशातून नातेवाइकाकरवी ११० व्होल्टचं मागवू नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, ६० हर्ट्झचे ५० राहतातच. मोटर हळू फिरते आणि तापते.

लॉक टाळून नुसत्या तेलावर गाडी ठेवून खाली जायचं नाही, हे नियमच समजा. तेल मागे येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हमध्ये कचऱ्याचा कण अडकला तरी ती हळूहळू बसते. नवीन जोडणीनंतर रिकाम्या फ्रेम चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करून हवा काढा. एक बाजू मागे राहत असेल तर ती हवाच असते, नाहीतर तेलाच्या नळीचा जोड (क्विक कपलर) अर्धवट बसलेला असतो. गाडी चढवून दुरुस्त करायला जाऊ नका. फ्रेम वर्तुळाच्या चापात वर जाते, त्यामुळे गाडी उचलताना लांबीत सरकते; पुढे-मागे भिंतीपासून जागा सोडा. अॅक्सलचा नट, चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करा. वर गेल्यावर ब्रेकर बारला (नट सोडवायच्या लांब दांड्याला) जोर लावला की अख्खी गाडी हलते.

जुना_मिस्त्री
आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं इंजिन किंवा गिअरबॉक्स या फ्रेमवर ठेवून उतरवू नका. पुढचं वजन गेलं की ती मागे कलंडते. थारवाल्यांना उंच ठोकळे लावायचा सल्ला कोणी देईल, तर ठोकळा जितका उंच तितकी गाडी बाजूला डुलते, हेही त्यांना सांगा.