क्रॉप सेन्सरसाठी लेन्स घेताना पुढच्या फुल-फ्रेमचा विचार कितपत करावा?

प्रश्न
माझ्याकडे निकॉनचा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि त्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आहे. एक-दोन वर्षांत फुल-फ्रेम घेण्याचा मानस असल्यामुळे, तिथेही चालेल अशी २४-७० मिमी एफ/२.८ आताच घ्यावी आणि १८-५५ विकून टाकावी असे मनात आहे. मी प्रामुख्याने घरगुती समारंभ आणि अधूनमधून पक्षी टिपतो. हा निर्णय योग्य ठरेल का? शिवाय क्रॉपवर ५० मिमीची लेन्स '७५ मिमी होते' म्हणजे नेमके काय होते?

प्रतिसाद १
लेन्स ५० मिमीचीच राहते. ती सेन्सरवर गोल प्रतिमा पाडते. ३६×२४ मिमीचा फुल-फ्रेम सेन्सर त्या प्रतिमेचा मोठा भाग टिपतो, तर तुमचा सुमारे २३.५×१५.६ मिमीचा सेन्सर केवळ मधला. त्यामुळे दृश्याचा कोन आक्रसतो आणि चित्र फुल-फ्रेमवरील ७५ मिमीसारखे (५० × १.५) दिसते. (कॅननच्या क्रॉप सेन्सरसाठी १.५ ऐवजी १.६ ने गुणावे.)

याच हिशेबाने २४-७० तुमच्याकडे ३६-१०५ सारखी वागेल, म्हणजे रुंद दृश्य मिळणार नाही, आणि समारंभात नेमकी तिथेच अडचण होईल. मीही एकदा असाच भविष्याचा विचार करून २४ पासून सुरू होणारी लेन्स घेतली होती. खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही अकरा जणांच्या रांगेतील दोन्ही टोकांची माणसे चौकटीबाहेर राहत होती. पैसे खर्च करण्यापूर्वी १८-५५ च्या झूमचे कडे २४ वर आणून त्याला कागदी चिकटपट्टी लावा आणि एक पूर्ण कार्यक्रम तेवढ्यावरच टिपून पाहा.

प्रतिसाद २
वरील मताशी मी सहमत आहे; मात्र पक्ष्यांच्या बाबतीत गणित उलटे आहे. लांब पल्ल्याच्या लेन्स बहुतांशी फुल-फ्रेमसाठीच बनतात आणि क्रॉपवर त्यांचा काहीच तोटा होत नाही, म्हणून तिथे पुढचा विचार करून खुशाल खरेदी करावी. किंबहुना फुल-फ्रेम आल्यावरही पक्ष्यांसाठी जुना कॅमेरा जवळ ठेवावा, कारण २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर त्याच लेन्सने टिपलेला फोटो क्रॉपइतका कापला, तर जेमतेम साडेदहा मेगापिक्सेल उरतात.

अ‍ॅपर्चरबाबतही (लेन्समधील प्रकाश आत घेणारे छिद्र; एफ/२.८ हे त्याचे माप) गल्लत होते. एफ/२.८ ला प्रकाशाची मोजणी दोन्हीकडे सारखीच असते, परंतु तेवढ्याच अंतरावरून तीच चौकट धरली, तर क्रॉपवर पार्श्वभूमी फुल-फ्रेमच्या साधारण एफ/४.२ इतकीच धूसर होते.

प्रश्नकर्ता
क्रॉपसाठी बनवलेली लेन्स घेतली, तर ती पुढे फुल-फ्रेमवर बसेल का?

प्रतिसाद ३
निकॉनमध्ये बसते, कॅमेरा ती ओळखून आपोआप मधलाच भाग वापरतो आणि मेगापिक्सेल घटतात. कॅननच्या क्रॉपसाठीच्या ईएफ-एस लेन्स मात्र फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत.

तथापि, तुमचा पुढचा कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर त्याचा माउंट (लेन्स जोडण्याची जागा) वेगळा असेल, त्यामुळे आज घेतलेली २४-७० सुद्धा अ‍ॅडॉप्टर लावूनच वापरावी लागेल. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालतो, जुन्या एएफ-डी लेन्सचा चालत नाही; जुनी लेन्स घेणार असाल तर तिच्या नावातील ही अक्षरे पाहूनच घ्या.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. चिकटपट्टी लावण्याआधी मागील दोन समारंभांच्या फोटोंची माहिती संगणकावर उघडून पाहिली, तर निम्म्याहून अधिक फोटो १८ ते २२ मिमीच्या दरम्यान निघाले. त्यामुळे २४-७० चा विचार सोडला असून क्रॉपसाठीच असलेली १७-५० मिमी एफ/२.८ पाहतो आहे.