ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम निवडताना तुम्ही कशावरून ठरवलंत? (अनुभव धागा)

आम्ही तिघी मैत्रिणी. सात वर्षं एकाच गेममध्ये, एकाच गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात), आठवड्यातून तीन रात्री खेळलो. गेल्या महिन्यात गिल्ड मोडली. भांडण झालं नाही, कुणाचं कुणाशी वाकडंही नव्हतं. नोकऱ्या बदलल्या, दोघांना मुलं झाली, रेडला, म्हणजे मोठ्या गटाने मिळून करायच्या अवघड लढाईला, माणसं जमेनाशी झाली. आता आम्ही तिघी नवीन गेम शोधतोय आणि एकमत होत नाहीये. एकीला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हवंय, कारण तिच्या मते रेडिंग करावं तर तिथेच. दुसरी फायनल फँटसी १४ च्या कथेवर अडून बसलीय. माझा ओढा गिल्ड वॉर्स २ कडे आहे, कारण तिथे दर महिन्याची वर्गणी नाही.

"सगळ्यात चांगला गेम कोणता" हे मला विचारायचं नाही. त्याच्या याद्या ढिगाने मिळतात. समोर दोन-तीन गेम असताना तुम्ही कशावरून ठरवलंत आणि वर्ष-दोन वर्षांनी तो निर्णय टिकला का, हे सांगा. एकट्याने खेळायचा गेम नाही आवडला तर बाजूला ठेवता येतो. इथे पात्र, गिअर (शस्त्रं-चिलखत), जमवलेले मित्र सगळं त्या गेममध्येच राहतं, दुसऱ्या गेममध्ये काही नेता येत नाही. म्हणून निवड चुकली की जिव्हारी लागतं. मोकळेपणाने लिहा. लांबलं तरी चालेल.

* * *

आमच्या घरात हा प्रश्न चार वर्षांपूर्वी आला होता. नवरा वॉरक्राफ्टचा जुना खेळाडू, २००७ पासून हंटरचं पात्र खेळणारा. मी तोवर एकही एमएमओ (असंख्य लोक एकाच जगात खेळतात असा ऑनलाइन गेम) खेळले नव्हते. त्याच्यासोबत पहिल्यांदा डंजनमध्ये (छोट्या गटाने लढत पार करायच्या जागेत) गेले तेव्हा बाकीच्यांना प्रत्येक वळण पाठ होतं आणि मला दार कुठलं तेही कळत नव्हतं. कुणी वाईट बोललं नाही, पण त्यांची वर्षानुवर्षांची सवय आणि माझे तीन आठवडे यांचा मेळ बसेना.

मग फायनल फँटसी १४ ची फ्री ट्रायल घेतली. तिला दिवसांची मुदत नाही, आणि २०२३ पासून लेव्हल ७० पर्यंत, म्हणजे मूळ गेम आणि पहिली दोन एक्सपान्शन्स (नंतर आलेले मोठे भाग), पैसे न देता खेळता येतात. बंधनं आहेत: खेळाडूंच्या बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही, गिल्डमध्ये जाता येत नाही, स्वतः पार्टी (खेळायचा गट) काढता येत नाही, दुसऱ्याने बोलावलं तरच सामील व्हायचं. आणि एकदा गेम विकत घेतला की त्या खात्यावर पुन्हा ट्रायलला येता येत नाही. हे सगळं आधी वाचूनच हात घाला.

मी हीलर झाले, म्हणजे साथीदारांना बरं करणारी. पहिलं डंजन अजून डोळ्यांसमोर आहे. चौघांच्या जीवाच्या चार पट्ट्या, त्यातली टँकची (शत्रूचा मार झेलणाऱ्याची) पट्टी झरझर खाली येतेय, माझं बोट '२' च्या बटणावर आणि कपाळावर घाम. सुरुवातीलाच पडद्यावर सूचना आली की या गटात कुणीतरी इथे पहिल्यांदा आलंय. मला वाटलं, संपलं, आता सगळे वैतागणार. पण टँकने लिहिलं, "सावकाश, तुझी शक्ती भरू दे, मग पुढे जाऊ." पुढे कळलं की नवखा सोबत असला तर बाकीच्यांना जास्तीचं बक्षीस मिळतं. नवख्याच्या नावाशेजारी कोवळ्या रोपाचं चिन्ह असतं, ते बघून लोक सांभाळून घेतात. शिवाय जुन्या खेळाडूंना रोज एखादं जुनं डंजन केल्याचा वेगळा बोनस आहे, म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या डंजनलाही माणसं मिळतात. चांगुलपणा माणसांचा असतोच, पण तो बाहेर यावा अशी मांडणी गेमने केलीय. माझा कौल तिथेच पडला.

नवऱ्याचा कौल वेगळ्याच कारणाने पडला. हा गेम २०१० मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा सपशेल आपटला होता. मग नाओकी योशिदा या निर्माता-दिग्दर्शकाकडे सूत्रं आली. त्यांनी जुना गेम चालू ठेवत नवा बांधायला घेतला, नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद केले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये गेम नव्याने आणला. जुन्या जगावर आकाशातून प्रलय कोसळतो, ही घटना त्यांनी कथेतच गुंफली. "ज्यांनी चूक मान्य करून सगळं पुन्हा बांधलं त्यांच्याकडे वेळ घालवायला माझी हरकत नाही," असं तो म्हणाला.

चार वर्षं झाली, निर्णय टिकलाय. तो वॉरक्राफ्टच्या प्रत्येक नव्या एक्सपान्शनला दोनेक महिने तिकडे जाऊन येतो, मी अडवत नाही. मी मात्र प्रत्येक संवाद वाचते आणि तो माझ्यासाठी थांबतो.

* * *

गिल्ड वॉर्स २. मूल झालं आणि चौदा महिने लॉगिन केलं नाही. परत आलो तेव्हा तीच तलवार, तेच चिलखत, आणि दोन्ही पहिल्यासारखंच कामाचं. २०१२ मध्ये लेव्हलची मर्यादा ८० होती, आजही ८०च आहे. एक्सपान्शनमध्ये नवे नकाशे येतात, नवी कौशल्यं येतात, माउंट्स येतात (स्वारीची जनावरं; ती २०१७ पासूनची, आणि एमएमओत मी पाहिलेली सगळ्यात सुंदर), पण जुनं गिअर रद्दी होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी यादीत कुणी लिहीत नाही. खनिजाचा दगड दिसला आणि शेजारून दुसरा खेळाडू धावत आला तर बाकी गेममध्ये पोटात गोळा येतो. इथे तो दगड प्रत्येकाचा वेगळा असतो. त्याने फोडला तरी माझ्यासाठी तिथेच असतो. शत्रूला दोघांनी मारलं तर लूट दोघांना. मी मेलो तर जाणारा-येणारा कुणीही मला उठवू शकतो, आणि लोक थांबून उठवतात. मांडीवर बाळ घेऊन एका हाताने खेळणाऱ्या माणसाला याचं मोल विचारा.

* * *

वरचे दोन्ही अनुभव प्रेमळ जगांचे आहेत. मी ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला गेम निवडला, तो बरोबर उलट कारणासाठी. मला अशी जागा हवी होती जिथे केलेल्या गोष्टीचा परिणाम पुसला जात नाही.

२००३ पासून चालू असलेला गेम. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात. "तू कुठल्या सर्व्हरवर?" हा प्रश्नच नाही. जहाजं, तोफा, दारूगोळा जवळजवळ सगळं खेळाडूंनीच बनवलेलं, त्यामुळे जे फुटतं ते कुणीतरी खणून, गाळून, जोडून उभं केलेलं असतं. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी नावाच्या एका सौरमंडलात एकवीस तास लढाई चालली आणि ७५ टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात मोठी जहाजं, फुटली. सुरुवात कशाने झाली? त्या मंडलाच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही आणि ताबा सुटला, एवढ्याने.

मी लढवय्या नाही, व्यापारी आहे. जिटा नावाच्या मंडलात मुख्य बाजार भरतो. दूरच्या स्थानकांवरून माल उचलायचा, जिटात विकायचा, दोन भावांमधल्या फटीवर जगायचं. सहाव्या महिन्यात माझी सगळी पुंजी मी एकाच मालवाहू जहाजात भरली आणि 'सुरक्षित' समजल्या जाणाऱ्या मार्गाने निघालो. दुसऱ्या मंडलात जायच्या गेटपाशी आठ-दहा छोटी जहाजं थांबली होती. बारा सेकंदांत सगळं संपलं. तिथले पोलीस हल्लेखोराला शिक्षा करतात, तुमचं जहाज वाचवत नाहीत, हे मला वाचून माहीत होतं. त्या दिवशी उमगलं. चूक पूर्ण माझी. तिथली पहिली शिकवणच अशी, की जे गमावायची तयारी नाही ते घेऊन उडू नये. त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या कॉर्पोरेशनमधल्या (तिथली गिल्डच) एका अनोळखी माणसाने न मागता भांडवल दिलं आणि म्हणाला, तुला जमेल तेव्हा दुसऱ्या कुणाला दे.

तुम्हा तिघींना हा सुचवणार नाही. तुम्हाला रेड हवीय, आठवड्याचं वेळापत्रक हवंय. पण कौशल्यं तिथे लॉगऑफ असतानाही खऱ्या वेळेप्रमाणे शिकून होतात. कामाच्या गर्दीत महिना गेला तरी पात्र पुढे सरकलेलं असतं, हे माझ्यासारख्याला फार सोयीचं पडलं.

* * *

छोटा अनुभव, नाव घेत नाही. दिसायला अप्रतिम गेम, लढाई इतकी वेगवान की दुसरं काही खेळवेना. तिथे गिअर वाढवायचं तर फासा टाकल्यासारखं: जमलं तर एक पायरी वर, नाही जमलं तर साहित्य गेलं, कधी एक पायरी खाली. दोन महिन्यांचं साठवलेलं मी एका संध्याकाळी घालवलं. दुसऱ्या दिवशी उठून पहिला विचार रोजच्या कामांच्या यादीचा आला, गेमचा नाही. त्या दिवशी पात्रांची नावं वहीत लिहून घेतली आणि गेम काढून टाकला. तेव्हापासून नवा गेम घेताना मी एकच तपासतो: आठवडाभर आलो नाही तर माझं काय काय बुडतं? लढाई, चित्रं, कथा, सगळं त्यानंतर.

* * *

माझं वय अठ्ठावन्न. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडून होतो तेव्हा भाचीने मोबाइलवर दोन गेम टाकून दिले. पहिल्यात इतका लखलखाट की डोळे दुखायचे. दुसरा ओल्ड स्कूल रूनस्केप. चौकोनी माणसं, चौकोनी झाडं. म्हटलं, हे काय जुनं-पुराणं! ती म्हणाली, "मामा, हे मुद्दाम जुनं ठेवलंय." २००७ सालच्या बॅकअपवरून २०१३ मध्ये हा गेम पुन्हा सुरू केलेला, कारण लोकांना तोच हवा होता. नवीन काही घालायचं तर आधी खेळाडूंचं मत घेतात. पुरेसा पाठिंबा नसला तर ते येत नाही.

मी झाडं तोडायला लागलो. विलोच्या झाडावर बोट ठेवायचं, पात्र कुऱ्हाड चालवत राहतं, आपण शेजारच्या माणसाशी बोलत बसायचं. तिथे रोज भेटणारा एकजण होता, रात्रपाळीचा. त्याने मला बँक वापरायला शिकवलं. तीन महिन्यांनी वुडकटिंग, म्हणजे झाडतोडीचं कौशल्य, ९२ झालं; शेवटची लेव्हल ९९. भाचीला फोन केला, "आता सातच राहिल्या!"

"मामा, आत्ता कुठे अर्धा रस्ता झालाय."

खरंच. ९२ ला लागतात साधारण ६५ लाख पॉइंट, ९९ ला १,३०,३४,४३१. मला वाईट नाही वाटलं. चालता येत नव्हतं त्या दिवसांत मला रस्ता लांब असलेलाच हवा होता. ९९ झालं त्या दिवशी भाचीने आपलं पात्र माझ्या शेजारी आणून उभं केलं, आणि तो रात्रपाळीवालाही होता.

* * *

एक तांत्रिक मुद्दा, कारण तो कुणी मांडलेला नाही. ठरवण्याआधी सर्व्हर कुठे आहेत ते बघा. गिल्ड वॉर्स २ मध्ये चीन वगळता उत्तर अमेरिका आणि युरोप हेच दोन पर्याय आहेत. फायनल फँटसी १४ ची जपान आणि ओशनियातही केंद्रं आहेत. रेडमध्ये हल्ल्याचा इशारा देणारं पायाखालचं वर्तुळ दिसल्यावर तुम्ही हललात आणि तरी मेलात, तर तुमचा दोष नसतो, अंतराचा असतो. पहिल्याच दिवशी पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) तपासा, आणि तेसुद्धा तुम्ही नेहमी खेळता त्याच वेळी.

* * *

मी सिटी ऑफ हीरोजमध्ये होते. २००४ चा सुपरहिरोंचा गेम. मी तो निवडला तो पात्र घडवण्याच्या पडद्यामुळे: पोशाख, मुखवटा, झगा, एकेक रंग. पहिल्या संध्याकाळी खेळलेच नाही, तीन तास नुसतं पात्र बनवलं. आणि तुमच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट म्हणजे साइडकिक: कमी लेव्हलच्या मैत्रिणीला सोबत घेतलं की ती जवळजवळ तुमच्या बरोबरीची होऊन लढायची. पुढे हे बऱ्याच गेमनी आपापल्या पद्धतीने आणलं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनने २०१६ मध्ये तर जवळजवळ सगळं जगच लेव्हलप्रमाणे जुळवून घेणारं केलं. तिघींचा वेग वेगळा असेल तर हे नक्की बघा.

३० नोव्हेंबर २०१२ ला गेम बंद झाला. आम्ही अ‍ॅटलस पार्कमध्ये, पृथ्वीचा गोल खांद्यावर घेतलेल्या पुतळ्याखाली जमलो होतो. शेवटी कुणी लढत नव्हतं. लोक एकमेकांचे पोशाख बघत होते, जीवनकथा वाचत होते. माझ्या समोर एकजण हात हलवत होता आणि तसाच गोठला. मग कनेक्शन तुटलं.

नंतर कित्येक वर्षं मी दुसरा एमएमओ घेतला नाही. कुठलाही बघितला की वाटायचं, हाही बंद होणार. जानेवारी २०२४ मध्ये होमकमिंग या स्वयंसेवकांच्या सर्व्हरला अधिकृत परवाना मिळाल्याचं वाचलं आणि त्याच रात्री खातं उघडलं. जुनं पात्र अर्थातच नाही. आठवणीने पुन्हा बनवलं. झग्याचा जांभळा नेमका जमेना, चार वेळा बदलला.

* * *

धागाकर्ती. सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही तिघी कॉलवर बसलो आणि हे सगळं एकमेकींना वाचून दाखवलं. "आलो नाही तर काय बुडतं" या प्रश्नावर बराच वेळ गेला, कारण आमची गिल्ड त्यातच संपली होती: एक आठवडा चुकला की माणूस मागे पडायचा, मागे पडला की यायला लाजायचा. वॉरक्राफ्ट हवं असलेली शेवटी म्हणाली, "मला रेड हवी होती असं नाही गं, आपण तिघी तीन रात्री भेटत होतो ते हवं होतं."

फायनल फँटसीची ट्रायल आधी करतोय. ट्रायलवर कुणालाच पार्टी काढता येत नाही, म्हणून एकीने गेम विकत घ्यायचा ठरलंय. सुरुवात तीन वेगवेगळ्या शहरांतून होते आणि टँक-हीलर एका शहरात सुरू होत नाहीत, त्यामुळे पहिल्या पंधरा लेव्हल प्रत्येकीने आपापल्या करायच्या. गिल्ड वॉर्स २ चा मूळ भाग मीही उतरवून ठेवलाय, ज्या आठवड्यात जमणार नाही त्या आठवड्यासाठी.

पहिलं डंजन शनिवारी रात्री साडेनऊला. जागा चार, आम्ही तिघी. चौथं कुणीतरी अनोळखी येईल, आणि त्याला पडद्यावर तीन कोवळी रोपं दिसतील.