बारावी, सीईटी आणि हातातला मोबाईल: मी काढून घेतला. चुकलो का?

फाउंड्रीवाला (धागाकर्ता)

पोरगं बारावी सायन्सला, पीसीएम ग्रुप, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. क्लासवाल्यांनी ॲडमिशनच्या दिवशीच सांगितलं, की लेक्चरचं रेकॉर्डिंग, टेस्ट, डाउट सगळं ॲपवर. म्हणून बारा हजारांचा मोबाईल घेऊन दिला. परवा रात्री त्याच्या सेटिंगमध्ये शिरून हिशोब बघितला. क्लासचं ॲप १ तास ५० मिनिटं, रील्स २ तास १० मिनिटं. दिवसभरात मोबाईल उघडला ९४ वेळा.

तेवढ्यावर मी चिडलो नसतो. वय आहे, बघणारच. चिडलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी. विचारलं, काल काय केलंस? म्हणाला, रोटेशनल डायनॅमिक्स संपवलं. फिजिक्सचा पहिलाच धडा. कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हटलं, उतारावरनं भरीव गोळा न घसरता घरंगळत येतोय, त्याचं त्वरण काढ. मी डिप्लोमावाला, पण हे अजून येतं मला. त्यानं आकृती झकास काढली. वजनाचे दोन भाग केले, घर्षणाचा बाण दाखवला, सरळ रेषेतल्या गतीचं समीकरण मांडलं आणि तिथंच थांबला. गोळा फिरतोय तो कुठल्या बलामुळं, हेच सुचेना. टोपण चावत पाच मिनिटं बसला आणि म्हणाला, "पप्पा, काल कळलं होतं हो."

व्हिडिओ दीडपट स्पीडनं बघितला होता. सर झरझर लिहीत होते, हा मान डोलवत होता. यालाच ही पोरं "चॅप्टर झाला" म्हणतात.

मोबाईल कपाटात, किल्ली माझ्या खिशात. सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, होईपर्यंत बटणांचा फोन. अभ्यास पुस्तक आणि वहीवर. बायको म्हणते, आपण त्याचं नुकसान करतोय. तुम्ही सांगा.

शाईपेन

अगदी बरोबर केलंत. हातानं लिहिण्याला पर्याय नाही. २०१४ मध्ये म्यूलर आणि ओपनहायमर या अमेरिकी संशोधकांनी लॅपटॉपवर टिपणं घेणारे आणि हातानं घेणारे विद्यार्थी तपासले होते. संकल्पनांवरच्या प्रश्नांत हातवाले पुढे. विषय संपला.

एसटीची_खिडकी

काका, रागावू नका, पण तुमच्याकडे काढून घ्यायला मोबाईल आहे आणि पाठवायला क्लास आहे.

मी जत तालुक्यातली. आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ज्युनिअर कॉलेज घरापासून २४ किलोमीटर, जायला सकाळची एक एसटी, यायला संध्याकाळची एक. सांगलीला खोली घेऊन क्लास लावायचा तर वडिलांना दोन म्हशी विकाव्या लागल्या असत्या. त्यामुळं आमच्या घरी मोबाईल म्हणजेच क्लास. स्क्रीनला वरपासून खालपर्यंत तडा होता. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, ती सगळी त्यात. रात्री अकरानंतर रेंज बरी यायची, तेव्हा दुसऱ्या दिवशीचे व्हिडिओ डाउनलोड करून ठेवायचे आणि एसटीत बघायचे. बसायला जागा मिळाली तर वही मांडीवर, नाही मिळाली तर नुसतं ऐकायचं.

धाकट्या बहिणीला महाज्योती या सरकारी संस्थेकडून टॅब मिळाला, रोजच्या ६ जीबी डेटासकट. नीट, जेईई, सीईटीची तयारी करणाऱ्या ओबीसी, भटक्या-विमुक्त वर्गातल्या मुलांसाठी ती योजना आहे. ती आता आम्हाला टॅबला हातही लावू देत नाही.

तुमच्या मुलाला टॉर्क, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, आला नाही, हा मोबाईलचा दोष कसा? आमच्या कॉलेजात समोर फळ्यावर लिहून घेतलेलंही कित्येकांना दुसऱ्या दिवशी आलं नव्हतं.

आकडेमोड्या

शाईपेन, विषय इतक्यात संपवू नका. तो प्रयोग २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटानं पुन्हा करून बघितला, तेव्हा हाताचा फायदा तितका ठामपणे दिसला नाही. हातानं लिहिणं वाईट, असं मी म्हणत नाही. तुमच्या एका दाखल्यावर कपाटाला कुलूप लावू नका, इतकंच.

फाउंड्रीवाल्यांच्या सकाळच्या प्रसंगाला लागू पडणारा प्रयोग वेगळाच आहे. २००६, रोडिगर आणि कार्पिकी. एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदा वाचून न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. "काल कळलं होतं हो" ते हेच. व्हिडिओ बघणं हे पुन्हा वाचण्यासारखं आहे. कळल्यासारखं वाटतं, आणि त्या क्षणाला ते खोटंही नसतं.

आता गंमत बघा. न बघता आठवायला लावणारी सगळ्यात स्वस्त सोय मोबाईलमध्येच आहे. अँकी नावाचं ॲप अँड्रॉइडवर फुकट मिळतं. चुकलेलं कार्ड लवकर परत आणतं, बरोबर आलेलं लांबवतं. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या अभिक्रिया, जीवशास्त्रातली नावं, यांना झकास. तुमच्या घरंगळत्या गोळ्याला मात्र उपयोग शून्य. त्याला कागदच लागतो.

पॉपकॉर्न

+१ सगळ्यांना. बायको बरोबर आहे, एवढंच बोलतो.

खडू_आणि_फळा

मी मराठवाड्यात फिजिक्स शिकवतो. अठरा वर्षं झाली. आमच्याकडे अभ्यासाच्या पॅटर्नवर चहाच्या टपरीवरही वाद होतात, त्यामुळं राहवत नाही.

मोबाईल चांगला की वाईट, हे नंतर. परीक्षा कशावर आहे, ते कुणीच विचारलं नाही. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर. पीसीएमला पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. पुढच्या ९० मिनिटांत गणिताचे ५०, दोन-दोन मार्कांचे. चुकीला मार्क कापत नाहीत. प्रश्न उभ्या स्क्रीनवर, कच्चं काम टेबलावरच्या कागदावर, मान सारखी वरखाली. जेईई मेनमध्ये संख्येचं उत्तर तर स्क्रीनवरच्या आकड्यांवर माउसनं टिचकी मारून भरायचं. हे सगळं पोरगं पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये करणार असेल, तर कागदावर कितीही घोटलेलं असलं तरी पहिली दहा मिनिटं बिचकण्यात जातात.

म्हणजे मोबाईलवर टेस्ट द्याव्यात? तेही नाही. सहा इंची पडद्यावर आकृती दोन बोटांनी मोठी करावी लागते, ती मोठी केली की पर्याय पडद्याबाहेर जातात. अंगठ्याची सवय होते, माउसची होत नाही. आणि मोबाईलवर टेस्ट देणारा गादीवर लोळत देतो, हे मी घरी स्वतःच्या मुलीचं बघितलंय.

नीटवाल्यांची गोष्ट उलटी. २०२५ ची नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, १८० मिनिटांत १८० प्रश्न, पेन आणि ओएमआर, म्हणजे गोल भरायची छापील उत्तरपत्रिका. माझी एक विद्यार्थिनी वर्षभर ॲपवर ६०० च्या वर मार्क घेत होती. डिसेंबरात पहिल्यांदा छापील पेपर आणि ओएमआर दिला, तर शेवटचे बावीस गोल भरायचेच राहिले. उत्तरं प्रश्नपत्रिकेवर टिकमार्क करून ठेवली होती. रडली बिचारी.

माझं मत: पहिल्यांदा समजून घ्यायला व्हिडिओ चालेल, तोही पॉज करत, वही उघडी ठेवून. गणितं सोडवायला कागद. सीईटी, जेईईच्या पूर्ण टेस्ट लॅपटॉपवर, नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा नेट कॅफेत तासाचे पैसे भरून. नीटच्या छापील ओएमआरवर. या सगळ्यात मोबाईलचं काम किती उरलं? दिवसाचा तासभर.

शाईपेन

म्हणजे शेवटी मी म्हणतो तेच. काढूनच घ्या.

एसटीची_खिडकी

सर, तासभर म्हणता ते शहरात. आमच्याकडं नेट कॅफे म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला एक कॉम्प्युटर. त्यावर फॉर्म भरायला रांग, तीन तासांची टेस्ट कोण देऊ देणार? मी एकदाही संगणकावर टेस्ट न देता सीईटीला बसले. बिचकले, हे खरं. पण मोबाईल नसता तर बसलेच नसते.

कडेगावचा

आमच्या तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावचं नाव ऐकलं असेल. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघर मोबाईल, टीव्ही बंद. पोरं अभ्यासाला बसतात. बातम्या झाल्या, बाहेरचे लोक बघायला आले.

त्यातली कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे भोंगा एकट्या पोरासाठी नाही. आईची मालिकाही बंद आणि बापाचं व्हॉट्सॲपही. फाउंड्रीवाले, पोराचा मोबाईल कपाटात गेला तेव्हा तुमचा कुठं होता?

आणि हो, एसटीताईंसारख्या मुलीनं त्या दीड तासात व्हिडिओ बघायचा म्हटलं तर काय, याचं उत्तर माझ्याकडं नाही.

एसटीची_खिडकी

आधीच डाउनलोड केलेलं वहीत उतरवायचं. त्याला भोंगा आडवा येत नाही. 🙂

फाउंड्रीवाला (धागाकर्ता)

सगळं वाचलं. कडेगावकर, माझा मोबाईल माझ्या हातातच होता, धागा त्यावरच टाकलाय. घ्या, काय म्हणायचं ते म्हणा.

खडूसर, तुमचं माउसचं पटलं. भावाच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप रविवारी आणतोय, टेस्ट त्यावर. मोबाईल मात्र कपाटातच राहणार. तासभर म्हणून दिला तर तो तासभर कधी संपतो, ते मला ठाऊक आहे. अँकी वगैरे कागदाच्या चिठ्ठ्यांवर होत असेल तर करू.

एसटीताई, एक विचारतो. तुला क्लास नव्हता, मग अडलं की काय करायचीस? ह्याचं तिथंच घोडं पेंड खातंय. ॲपवर डाउट टाकला की दोन दिवसांनी कुणीतरी सोडवलेल्या उत्तराचा फोटो येतो, आणि तो हा बघून सोडून देतो.

एसटीची_खिडकी

आमच्या कॉलेजच्या सरांना वहीच्या पानाचा फोटो पाठवायचे. त्यांची अट एकच, कोरा प्रश्न पाठवायचा नाही, जिथवर आलंय तिथवर सोडवून पाठवायचा. मग रात्री साडेदहाच्या सुमाराला त्यांची व्हॉइस नोट यायची. पाठीमागं त्यांचं बाळ रडत असायचं. "तिसऱ्या ओळीत बघ, वजन मध्यातून जातंय, ते गोळ्याला फिरवणार कसं? मग उरलं कोण?" एवढं बोलून बंद. उत्तर कधीच सांगायचे नाहीत. ते वाक्य मी त्याच पानावर लाल पेनानं लिहून ठेवायचे.

फाउंड्रीवाला (धागाकर्ता)

बघ, हाच गोळा. घर्षण उरलं. त्या नोट्स आहेत का अजून?

एसटीची_खिडकी

तो फोन गेला, मदरबोर्डच उडाला. वह्या माळ्यावर आहेत. दिवाळीला घरी गेले की रोटेशनच्या पानांचे फोटो काढून पाठवीन.

फाउंड्रीवाला (धागाकर्ता)

पाठव. माझ्या नंबरवर पाठव, त्याच्या नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.